उठवलेला थवा

“तोंडाला कुलूप लावा रं पोरांनो! ही पाव्हणी पाखरं हायत. पाव्हण्याला कुनी जेवताना उठवतं का?”

वडूजच्या शाळेची पोरं खुदखुदली. तळ्यावरच्या पक्षीनिरीक्षण केंद्रात राखणदार असलेला धुळा येणाऱ्याजाणाऱ्याला असंच सांगायचा. पण आज त्या पोरांत त्याची स्वतःची लेक उत्कर्षा होती. ‘माझे आबा पाखरं दाखवतात’ म्हणून तिने वर्गात केवढा तोरा मिरवला होता! त्यामुळे धुळाची स्वारी सकाळपासून हवेतच होती.

केंद्राच्या समीक्षाताई पोरांना दुर्बीण धरायला शिकवत होत्या, तेवढ्यात शिरवळहून आलेल्या यशराज नावाच्या फोटोवाल्याने धुळाला बाजूला घेतलं.

“मामा, उडताना एक फोटो पायजे. सकाळधरनं बसलोय. तुमच्यानं हुईल काय?”

हे ‘तुमच्यानं हुईल काय’ लागलं बघा त्याला. उभी हयात ज्वारीवरची पाखरं हाकण्यात गेली, आणि याला कसली शंका!

“त्यात काय हाय?” म्हणत धुळा बाभळीआड गेला. गोफण जवळ नव्हती, तर खांद्यावरच्या टॉवेलचीच केली. दगड नको, ढेकूळ बरं, कुणाला लागायचं नाही, एवढा चांगुलपणाही दाखवला. टॉवेल गरगरला, ढेकूळ पाण्यात फुटलं आणि हिमालय ओलांडून आलेले ते बिचारे पट्टकदंब हंस केकाटत उठले. दोन घिरट्या घातल्या, माळापलीकडे गेले, ते परत काही आले नाहीत.

“अरे, कुणी उठवले?” समीक्षाताईंचा चेहरा उतरला.

धुळा बाभळीआडून बाहेर आला, तर उत्कर्षा त्याच्याकडेच बघत होती. शेतात वाढलेल्या पोरीला गोफणीचा आवाज काय सांगावा लागतो? धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्याला. सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं.

“घार आली व्हती, मॅडम,” उत्कर्षा म्हणाली. “मी बघितली.”

“हो का, धुळाभाऊ?”

आणि हा बाबा काय म्हणाला असेल?

“व्हय. लय मोठी घार.”

ताईंनी पोरीला पुढे बोलावून शाबासकी दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकेक टाळी धुळाच्या थोबाडीत बसत होती.

जेवायच्या वेळेला उत्कर्षा त्याला नळाकडे घेऊन गेली.

“आबा, टावेल द्या.”

“पोरी, मी ताईस्नी सांगून येतो...”

“नगा सांगू. कामावरनं काढत्याल तुमाला.”

खोटं का बोललीस, हे विचारायला तोंड कुठं होतं त्याला? आपणच लेकरावर ही पाळी आणली. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

टॉवेलला ढेकळाची काळी माती लागली होती. तिने तो नळाखाली धरला, डाग निघेस्तोवर दोन्ही हातांनी घासला, पिळला, झटकला आणि ओलाच त्याच्या खांद्यावर टाकून ती पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.