पहिली मासोळी

तलावात मासोळी उरली नव्हती, म्हणून कंपनीने ती लाखनीच्या बाजारातून आणवली. पाटीभर रोहू, बर्फासकट. त्या दिवशी मुंबईहून फंडाचे पाहुणे येणार होते आणि त्यांना जिवंत तलाव दाखवायचा होता.

हा फंड फक्त सज्जन कंपन्यांतच पैसा लावतो, असं रंजूने बापाला समजावलं होतं. ती तलावाकाठच्या याच कंपनीच्या ऑफिसात कामाला होती.

"सज्जन हाय हे कोन ठरवते?" तलावात जाळं टाकणाऱ्या तुलाराम ढिवराने विचारलं.

"मार्क देतात, बाबा."

"पेपर कोन सोडवते?"

"कंपनीच."

"अन् तपासते कोन?"

"कंपनीनं पैसे देऊन नेमलेला मानूस."

"मंग नापास कोन होते वो?"

नापास तलाव झाला होता. कंपनीचा कारखाना तांदळापासून इंधन करणारा. फाटकावर हिरवं पान रंगवलेलं, आणि मागच्या नाल्यातून आंबूस काळं पाणी थेट तलावात. गेल्या उन्हाळ्यात सगळी मासोळी मरून वर आली. ऊन फार होतं, असं कंपनीने कळवलं. उन्हाने काही उत्तर दिलं नाही.

"काका, फंडाचा पैसा आला की पाणी साफ करायचं यंत्र बसवतो," कंपनीचा अमर साहेब म्हणाला. "तुम्ही फक्त जाळं टाका." पोरगा खोटा नव्हता. यंत्राचा खर्च त्याने फंडाच्या अर्जात खरोखरच लिहिला होता.

"मेलेली मासोळी पकडाले जाता?" रेवताबाई नवऱ्याला म्हणाली. "लोकं हासतीन."

"तलाव जगला तं हासू दे."

जाळं रोहूंसकट आधीच पाण्यात सोडून ठेवलं होतं. पाहुणे काठावरच्या खुर्च्यांवर बसले. तुलारामने डोंग्यातून जाळं ओढलं, टाळ्या पडल्या. इथवर सगळं ठरल्यासारखं झालं.

पण हंगामातली पहिली मासोळी ढिवर घरी नेत नाही. ती तलावाची. तुलारामच्या हातांना कुणी सांगावं लागत नव्हतं; त्यांनी सगळ्यात मोठी रोहू उचलली, कपाळाला लावली आणि अलगद पाण्यात सोडली.

"जाय माय. लेकरं घेऊन ये."

सोडल्यावर त्याला आठवलं. ती तर बर्फाच्या पाटीतून आलेली. रोहू मात्र शहाणी. डोकं खाली करून सरळ तळाशी गेली.

"गेली बघा! पोहत गेली!" फंडाच्या मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. मग अर्ज चाळत त्यांनी अमरला विचारलं, "इतका जिवंत तलाव आहे, मग हे यंत्र कशाला? तो पैसा कारखान्याच्या दुसऱ्या भट्टीला लावा ना."

अमरने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर लाखनीचा बाजार सांगावा लागणार होता. त्याने तोंड मिटलं. रंजूने पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे धरला.

तुलाराम डोंग्यातून उतरून चिखलातून वर आला. "मॅडम, थे मेलेली होती जी."

मॅडमनी त्याचा ओला हात दोन्ही हातांत घेतला. "कळतं मला, काका. जाळ्यात आलेला प्रत्येक जीव तुम्हाला मेल्यासारखाच वाटत असणार."

पुढे कंपनीच्या अहवालावर तुलारामचा फोटो आला, कपाळाला रोहू लावलेला. कंपनीला मार्क चांगले पडले. शेअरही वर गेला, असं रंजू म्हणाली. सांगताना तिने बापाकडे पाहिलं नाही.

पण ते नंतरचं. पाहुणे गेल्यावर दोन दिवसांनी रोहू वर आली, पोट पांढरं करून. तुलाराम एकटाच डोंगा घेऊन गेला आणि तिला उचलून मांडीवर घेऊन बसला.

काठावरून रेवताबाईने हाक मारली, "चला ना जी घरी. कायले बसून राहिले?"

"येतो वो," तो म्हणाला. "पन हिले कुठं ठेवू? घरी नेता येत नाही. अन् पान्यात सोडू तं कोनाच्या भरवशावर?"