हलू नकोस

"दुधाला आज एवढी रांग होती?" बायकोने आतून विचारलं.

"होती तर! त्यात सुट्ट्या पैशांवरून एकाने भांडण काढलं," त्याने पदरचं जोडलं.

खोटं बोलायचं तर मापात बोलावं. पण लोकांचे नळ दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या या माणसाला त्याची सवय नव्हती, त्यामुळे त्याचं खोटं जरा जास्तच गळायचं. दूध कोपऱ्यावरच मिळे. जाऊन-येऊन पाच मिनिटांचं काम.

गेल्या महिन्यात मुलगी येऊन गेली, ती जाताना आपला जुना कॅमेरा "टाकून द्या हा, बाबा" म्हणून ठेवून गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तरुणपणी त्याला फोटोंचं खुळच होतं. लग्न नवं असताना बायकोला जिन्यात, गच्चीत, भर उन्हात उभं करून "हलू नकोस, हलू नकोस" म्हणत तो तिचा जीव नकोसा करी. पुढे मुलगी झाली, खर्च वाढले, कॅमेरा विकला तो विकलाच. आता इतक्या वर्षांनी बटणावर बोट पडलं आणि त्याला पुन्हा भिंतीवरची उन्हं दिसायला लागली.

पण बायकोची डावी बाजू लुळी पडलेली, घरात दोघंच. अशा बाईला एकटी टाकून आपण फोटो काढत हिंडतो, हे त्याचं त्यालाच खात होतं. म्हणून कॅमेरा दुधाच्या कापडी पिशवीतून लपून जायचा.

आज रांगेचं सांगत तो आत आला तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली होती. गाऊन भिजला होता.

"पाणी सांडलं," ती म्हणाली.

उशाशी पेला काठोकाठ भरलेला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. त्याने तिचे कपडे बदलले. तिचा तपकिरी स्वेटर काढताना कळलं, सकाळच्या घाईत आपण तो तिला उलटाच घातला होता. फरशी पुसताना त्याने मनाशी ठरवलं, उद्यापासून बंद.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर मात्र राहवेना. स्वयंपाकघरात बसून तो सकाळचे फोटो बघू लागला. एक घरामागच्या पुलावरून काढलेला होता. आपल्याच इमारतीची मागची बाजू, ओळीने खिडक्या, वर तिरपं ऊन. त्याने फोटो मोठा केला. एका खिडकीच्या गजांतून हात बाहेर आला होता.

"वा!" तो मोठ्याने म्हणाला. बाकी नुसत्या खिडक्या होत्या. त्या हाताने फोटोत जीव आणला होता.

मग त्याला तपकिरी बाही दिसली. शिवण बाहेर आलेली.

नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या 'वा'ची.

ती जागी होताच तो कॅमेरा घेऊन तिच्यापुढे जाऊन बसला.

"मी रांगेत नव्हतो गं."

"माहितेय. दुधाची पिशवी कुणी इतकी जपून टेकवतं का?"

त्याने फोटो दाखवला. "हाका मारत होतीस?"

"आधी मारल्या. मला बाथरूमला जायचं होतं. तुम्ही येईनात, म्हणून भिंत धरत खिडकीशी गेले. तर पुलावर तुम्ही. एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून. तस्सेच."

"मग हात हलवायचास ना! धावत आलो असतो."

"हलवायलाच काढला होता बाहेर." ती फोटोकडे बघत राहिली. "मग म्हटलं, हलला तर बिघडेल तुमचा फोटो."

इतक्या वर्षांत आपण हिला काय काय शिकवलं, तर हे.

"टाकून देतो हा," तो म्हणाला.

"गप्प बसा. उद्या जाताना मला खिडकीशी खुर्चीत बसवून जा." तिने चालणाऱ्या हाताने कॅमेरा त्याच्याकडे सरकवला. "आणि मला स्वेटर तेवढा सुलटा घाला."