आबांचा तळहात

आबा दिसायच्या आधी ऐकू यायचे. चैत्रातल्या कोरड्या दुपारी मानवतच्या आमच्या बोळात काचेचा किणकिणाट आधी शिरे आणि मागून, खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा सावरत, उन्हानं रापलेले माझे वडील येत. खेडोपाडी लेकीसुनांना बांगड्या भरायच्या आणि त्या देतील ती ज्वारी घरी आणायची, एवढाच आमचा संसार. पाऊस रुसला की लग्नं पुढं जात, आणि लग्नं नसली की आमची चूल गार पडे. अशाच एका वर्षी आईनं शेवटच्या कण्या शिजवल्या आणि आबा परभणीहून हैदराबादच्या गाडीत बसले.

चारमिनारच्या परिसरात, एका अत्तरवाल्या चाचांच्या शेजारी, त्यांनी फडकं अंथरलं. दिवस मावळला की तिथं पिवळे दिवे पेटत, धूळ, धूर आणि गुलाबाचा गंध एकमेकांत मिसळे, आणि त्या तरल उजेडात बायकांचे हात आबांपुढं येत. आबा डोळे अर्धवट मिटत, अंगठ्याचं मूळ हळुवार दाबत. बोटांची हाडं कळीसारखी मिटत आणि अरुंद बांगडी पाण्याच्या धारेसारखी मनगटावर उतरे. बांगडी सैल बसली तर ती बांगडीच न्हाई, असं ते म्हणत.

कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याजवळ राहायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दर सुट्टीला तो परिसर मला थोडा परका वाटे. गाड्या बंद झाल्या, दगडी फरशी आली, एकसारखे दिवे आले; जुन्या चहाखान्याच्या जागी काचेचं दुकान झालं आणि आत कुणी गिटार वाजवू लागलं. रात्र पूर्वी गिऱ्हाइकांची होती, ती बघ्यांची झाली. बांगड्या खोक्यात मिळू लागल्या, फोटोत शोभू लागल्या.

अशाच एका सांजेला एक पर्यटक मुलगी हिरव्या बांगड्यांवर वाकली. माप बघायला म्हणून आबांनी, मानवतकडं जन्मभर पुढं आलेले हात धरले तसाच, न विचारता तिचा हात हातात घेतला. ती किंचाळून मागं सरली. माणसं जमली. तिथल्या पहारेकऱ्यानं फडकं गुंडाळून आबांच्या छातीशी दिलं आणि इथं परत दिसायचं नाही, असं बजावलं.

चाचांनी अत्तराच्या बाटल्यांवरून मान उचलली. "कैको पकड्या रे हात? तेरा मानवत नै ये."

आबा खोलीवर येऊन स्वतःच्याच तळव्यांकडं बघत बसले. "हात धरल्याबिगर माप कसं कळंल, माय?"

मी शिकलेली, आणि तोंडाची फटकळ. म्हणाले, "आबा, चूक तुमची हाय. आपल्याकडं बाया हात देतात, तुमी घेत न्हाई."

त्यांनी फडक्याची गुंडाळी कोपऱ्यात सारली. पण चाचांनी पहारेकऱ्याची मनधरणी करून आठवडाभराची मुभा मिळवली, तेव्हा आबा नव्या रीतीनं बसले. पांढऱ्या रुमालावर आपला तळहात उताणा ठेवायचा आणि नजर दुसरीकडं लावायची. झाडाखाली ओंजळ धरून फळाची वाट बघावी, तसे दिसायचे ते. चाचा थट्टा करत, की कासार आता जोतिषाकडं वळलाय वाटतं. पाच दिवस तो तळहात रिकामाच राहिला.

सहाव्या दिवशी पर्यटकांच्या घोळक्यातून एक म्हातारी मागं राहिली. संधिवातानं तिची बोटं बाभळीच्या मुळीसारखी वाकलेली. खोक्यातली कुठलीच बांगडी त्यांवरून उतरत नव्हती. बराच वेळ ती उभी राहिली, मग तिनं आपण होऊन आपला हात आबांच्या हातावर ठेवला. आबांनी एकेक सांधा असा वळवला, की तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. सहा बांगड्या चढल्या. घोळका परत फिरला, आणि उभं राहून बघू लागला. पहारेकरीही त्यात होता.

त्याच वर्षी मी बी.ए. झाले.

आबांना जाऊन दोन हिवाळे लोटले. शहरानं त्यांची जागा पंधरवड्यात भरून काढली. आमच्या घराला ते अजून साधलेलं नाही. काळ कुणासाठी थांबत नाही, हे मला कळतं. पण आबा होते तोवर त्या जागेवरून त्यांना पुन्हा कुणी उठवलं नाही.