कोटाची साक्ष

आमच्या प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात जेमतेम हजार ठिपके. बत्तीस उभे, बत्तीस आडवे. एवढ्यात माणूस आणि मडकं सारखंच दिसतं. म्हणून त्याच्यापुढे भोकांची चकती बसवलीय. ती दर वेळी वेगळी भोकं उघडते, कॅमेरा तेच दृश्य साठ वेळा टिपतो आणि त्या साठ धूसर मापांवरून संगणक एक स्पष्ट चित्र जुळवतो. मापं तरीही अपुरीच. उरलेलं तो अंदाजाने भरतो. अंदाज कसा करायचा, ते मी त्याला नमुन्याचे फोटो दाखवून शिकवलेलं.

सोमवारी भिंगांच्या खोलीतलं सर्वांत मोठं भिंग फुटलेलं सापडलं. चाचणीसाठी तिथे ठेवलेला कॅमेरा चालू होता, पण साठाऐवजी नऊच मापं मिळाली होती. मी चित्र जुळवलं, तर मामा दिसले. मामा म्हणजे आमचे मेकॅनिक. आपण त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. चित्र काय खोटं बोलतं का, असं साहेबांनी विचारलं, किल्ल्या काढून घेतल्या आणि शुक्रवार शेवटचा दिवस म्हणून सांगून टाकलं. मी तोंडाला कुलूप लावलं. चित्र माझं होतं आणि फार सुरेख आलं होतं.

गुरुवारी खुंटीवर माझा कोट होता, त्यावर कुणाची तरी टोपी. चाळा म्हणून कॅमेरा तिकडे वळवला, नऊ मापं घेतली. चित्रात मामा. मिशीसकट.

मी नमुने उघडून बसले. चेहरे गोळा करताना सगळे कामात असायचे. मामा तेवढे म्हणाल तितका वेळ खुर्चीवर बसायचे. चारशेपैकी साडेतीनशे फोटो त्यांचेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आणि दोर मी वळला होता. लाज वाटली.

साहेबांनी दोन्ही चित्रं पाहिली, मग बराच वेळ कोटाकडे पाहिलं आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. भिंग कुणी फोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्कशॉपमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं, माफी मागितली. मामांनी एकेक किल्ली मोजून घेतली.

"नऊ वर्षं तुझ्याबरोबर काम केलं, पोरी," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं ते तुला पटलं नाही. कोटाचं पटलं."

पुढच्या आठवड्यात नव्या नमुन्यांसाठी मी खुर्ची मांडली. सगळे कामात होते. मामाही.