दोरा बांधलेला तुंबा

मी तुंबा बोलतोय. भोपळ्याचा न्हाय! बांधावर आपसूक उगवणारा, गुडघाभर उंचीचा, इवल्या पांढऱ्या फुलांचा रानतुंबा. महादेवाला मी लई आवडतो असं तोंडानं म्हणायचं, आणि हातात खुरपं आलं की आधी मलाच उपटायचं, ही तुमची रीत. संतापू नको तर काय करू?

आत्ता मी नळदुर्गात, नीलम्माच्या परसात, मुळं वर करून ढिगावर पडलोय. कशानं, ते ऐका.

अठ्ठेचाळीस साल. नीलम्माचा एकुलता एक लेक बंडप्पा निजामाविरुद्ध लढायला हद्दीपलीकडं, सोलापूरच्या मुलखातल्या कॅम्पात गेला. लेक परत येईस्तोवर गळ्यातल्या इष्टलिंगावर रोज तुंब्याची एकशे आठ फुलं वाहीन, असं ती बोलली. पण रझाकारांच्या धाकानं बायका रानात जायच्या बंद झालेल्या. मग तिनं गेल्या सालची वाळकी बोंडं चुरगाळली, राखेत कालवली आणि परसातच बी फोकलं.

शेजारची शांताक्का भिंतीवरून फिदीफिदी हसली. "अगं बाई, तण कुणी पेरतं व्हय? लोक येड्यात काढतील!"

"काढू दे. बंडू येईस्तोवर हेच माझं पीक."

पुढं शांताक्काचा लेक माणिकप्पाही त्याच कॅम्पात गेला, तेव्हा तिचं हसणं थांबलं.

नीलम्मानं जीव लावला, हे नाकारणार न्हाय. कोंबड्या उकरतील म्हणून काट्या रोवल्या. पाणी साचलं की आमी कुजतो, म्हणून चर काढला. सकाळी न्हाऊन यायची, बोंडाला धक्का न लावता एकेक फूल अलगद ओढायची आणि डाव्या तळहातावर घेतलेल्या लिंगाला वाहायची. मी सगळ्यांत दणकट. मला तिनं लुगड्याच्या काठाचा लाल दोरा बांधला.

"ह्याला हात लावायचा न्हाय, हे बियाचं," ती सगळ्यांना बजावायची. "ह्या साली बंडू न्हाय आला, तर पुढल्या साली फुलं कुठनं आणू?"

भादव्यात सोलापूरच्या रस्त्यानं फौज आली. निजामाचं राज्य गेलं. आठवड्यानं बंडप्पा दारात उभा! खोटं कशाला बोलू, मलाबी आनंद झाला. म्हटलं, आता हा माझ्यापुढं हात जोडेल.

हात जोडतोय कुठला! दुसऱ्या दिवशी त्याला परसात झेंडा लावायला जागा करायची होती. "अव्वा, काय तण माजलंय गं!" म्हणत त्यानं ओळच्या ओळ उपटली. माझ्यापाशी आला. दोरा बघितला, तटकन तोडला आणि मला फेकलं. अरं, कुणी बांधला, कशाला बांधला, एवढं तरी विचारायचंस!

नीलम्मा दारातच होती. तिचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ओरडेल. पण लेकाच्या वर आलेल्या बरगड्या बघितल्या आणि म्हणाली, "दमलास रं बाळा, हात धुऊन घे."

बस्स! बंडप्पाला ठाऊक नव्हतं, त्याच्यावर माझा राग थोडा. राग आहे तो नीलम्मावर. गरज सरली आणि दोरा विसरली.

काल सांजच्याला शांताक्का भिंतीशी आली. माणिकप्पाचा अजून पत्ता न्हाय. खालमानेनं तिनं विचारलं, "नीलम्मा, थोडा तुंबा देतीस का गं? म्याबी वाहीन म्हणते." नीलम्मानं ढिगाकडं बघितलं आणि घरात गेली. लाज वाटली असेल. वाटायलाच पाहिजे!

आता मी वाळत चाललोय. लेकाच्या आंघोळीचं पाणी तापवायला हा ढीग चुलीत जाईल. जाऊ दे. पण नीलम्मा, माझ्या खालच्या बोंडांत बी पिकलंय. चुलीत घालायच्या आधी मला उलटा धर आणि एकदा त्या भिंतीपलीकडं झटक. तिथं अजून एक आई दाराकडं डोळे लावून बसलीय.