रिबकाचं सीताफळ

कार्तिकाचं कोवळं, केशरकांत ऊन कापल्या बाजरीच्या रानावर उतरलं होतं. ओढ्याकाठचं धुकं विरत होतं. आणि शांतवनच्या अंगणात, पानांच्या हरितश्यामल छायेत, एक सीताफळ डोळे उघडून पिकत आलं होतं.

एकच. शांतवनच्या बायकोनं, रिबकानं, बी रुजवलं, चार उन्हाळे पाणी घातलं, शेळ्या हाकलल्या. तेव्हा कुठे यंदा झाडानं फळ धरलं, तेही एकच.

रिबका आता खाटेवर होती. घशात गाठ. भाकरी सुटली, पेज सुटली, डॉक्टरांनी हात टेकले. नाताळ तिला दिसणार नाही, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं आणि तिलाही. खिडकीतून ती त्या फळाकडे बघत राही.

"तेवढं पिकलं की मला द्या," ती नवऱ्याला म्हणे. "मऊ असतं. गिळंल मला."

शांतवन मान हलवी. पण शांतवन पडला चर्चच्या मंडळीचा पंच! गाईचा पहिला खरवस देवाचा, कोंबडीचं पहिलं अंडं देवाचं, वाफ्यातली पहिली मेथी देवाची. जे जे पहिलं, ते ते प्रभूचं. पोरं त्या घरात उपाशी कधी राहिली नाहीत. दुसऱ्या नंबरावर वाढली आणि शहरात निघून गेली.

सुगीच्या सणाचा रविवार उजाडला. सुवर्णधूसर प्रभाती शांतवननं फळ तोडलं, धुतलं, पांढऱ्या रुमालात ठेवलं. खिडकीतून दोन खोल गेलेले डोळे बघत होते.

"आवं, ते माझं."

"पहिलं देवाचं, रिबका. देव काय कमी करतोय आपल्याला?"

तिचे डोळे त्या पांढऱ्या रुमालामागं वाटेपर्यंत गेले.

देवळात वेदीपुढे कणसांच्या राशी, पीतवर्ण भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. गीतं झाली, आभार झाले, आणि रिवाजाप्रमाणे अर्पणांचा लिलाव सुरू झाला. पाळकसाहेबांनी सीताफळ उचललं, कुणाच्या अंगणातलं ते विचारलं, आणि स्वतःच पैसे टाकून ते घेतलं, दुसऱ्या कुणाला बोली बोलूच दिली नाही.

उपासना सुटल्यावर तडक ते शांतवनच्या दारी आले. फळ त्याच्या हातावर ठेवलं.

"शांतवनभाऊ, देव वेदीवर जेवत नाही. तो इथं उपाशी पडलाय," खाटेकडे बघत ते म्हणाले आणि निघून गेले.

शांतवनचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यानं फळ फोडलं. शुभ्र, दुग्धमधुर गर. बोटावर घेऊन त्यानं तो रिबकाच्या कोरड्या ओठांशी नेला.

तिनं तोंड फिरवलं.

"नको. ते देवाचं."

"खा गं. चुकलो मी. पाया पडतो तुझ्या."

"पहिलं देवाचं," ती म्हणाली. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, त्याच्याच शांत सुरात. "मला दुसरं द्या."

दुसरं. झाडावर दुसरं नव्हतं. पुढच्या कार्तिकापर्यंत असणार नव्हतं. हे तिला कळत होतं, त्याला कळत होतं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

तो तसाच बसून राहिला, हात पुढे धरून. बोटावरचा गर सुकत गेला, शुभ्र, मधुर, आता कुणाचाच नसलेला. आणि खाटेच्या पायावरून एक मुंगी आली, मग दुसरी, मग रांगच्या रांग, त्याच्या मनगटावर हळूहळू चढत गेली.