मेंदूची चित्रं काढणारा चुंबक

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतला चुंबक टाचण्या ओढतो ना, मी त्याचाच आडमाप वाढलेला भाऊ. मधोमध बोगदा असलेला, हत्तीच्या वजनाचा, आता थकलेला एमआरआयचा चुंबक. माणूस माझ्या बोगद्यात निजला, की कवटीला धक्काही न लावता मी आतल्या मेंदूची चित्रं काढतो. काढत असे, असं म्हणायला हवं.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. जहाजातून, मग लांबलचक ट्रेलरवरून मी सोलापुरात आलो, तेव्हा उन्हाळा होता. एका तपासणी केंद्राची अख्खी भिंत फोडून मला आत घेतलं आणि ती पुन्हा बांधून टाकली. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि माझ्या पोटात हाडं गोठवणारं द्रवरूप हेलियम. त्या थंडीवरच मी जगत होतो. म्हणून मला कधी बंद करत नसत, माझी ओढ रात्रंदिवस चालूच.

हे गोजरबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. झाडलोट त्यांच्याकडे होती. पहिल्या खंडेनवमीला माझी पूजा करायला त्या हळदकुंकवाचं स्टीलचं ताट घेऊन सरळ आत आल्या. ताट हातातून सुटलं आणि माझ्या तोंडावर येऊन आदळलं. गोजरबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लई भुकेला दिसतोय ह्यो. निवद दाखवायची बी वाट बघंना."

सगळे हसले. पण त्या दिवसापासून दारावर नियम लागला, की अंगावर धातूचं काहीही घेऊन आत यायचं नाही. नियम बरोबरच होता. तरी मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच नियमाची आहे, आणि ती हसण्यासारखी नाही.

माझी चांगली वर्षं पुष्कळ गेली. सांगोल्याहून, माळशिरसहून लोक जीपमधून यायचे. माझा ठोक-ठोक आवाज ऐकून घाबरायचे, आणि चित्र पाहून डॉक्टर म्हणायचे, "बरं झालं वेळेवर आलात." ते ऐकायला मला आवडायचं.

पुढे आमच्या केंद्रातल्या डॉक्टर चन्नवीर यांनी एक अभ्यास सुरू केला. मित्रांनो, उजनी धरणाचं पाणी मोठ्या नळातून शहरात येतं, पण बोळाच्या टोकाच्या घरात तोटी उघडली, की कधी कधी नुसती हवा येते. मेंदूतही तसंच होतं. मोठ्या रक्तवाहिन्या वाहत असतात, पण केसाहून बारीक वाहिन्या रक्तदाबानं कडक होतात, बुजतात. तिथला मेंदू चिमूटभर चिमूटभर वाळतो. दुखत नाही, खुपत नाही. माझ्या चित्रात मात्र पांढरे ठिपके उमटतात. असे ठिपके कोणाच्या डोक्यात किती वाढतात आणि पुढे कोणाला पक्षाघाताचा झटका येतो, हे बघायला डॉक्टर रक्तदाबाच्या माणसांना दर वर्षी बोलवत.

त्या यादीत गिरिजाबाई होत्या. वय एकसष्ट. रक्तदाबाची गोळी रोज घ्या म्हणून सांगितलेलं, पण त्या डोकं दुखेल त्या दिवशीच घ्यायच्या. मुलगा सोमशेखर, सून श्रीदेवी आणि तिच्या कडेवर दीड वर्षाची काव्या, असे सगळे आले होते.

सासूबाईंना कपडे बदलायला पाठवून श्रीदेवी माझ्या दाराशी शिवानीजवळ आली. शिवानी मला चालवायची. श्रीदेवी हळू आवाजात भराभर बोलत होती. अत्ती, म्हणजे सासूबाई, हल्ली पाय जमिनीला चिकटल्यासारखे ओढतात. एकच गोष्ट तीनदा विचारतात. मागच्या सोमवारी गॅस सोडला आणि पेटवायचाच विसरल्या, काव्या तिथंच भांडी मांडून बसलेली. तेव्हापासून श्रीदेवीनं आपल्या शिकवण्या सोडल्या होत्या. न्हाणीत जातानाही ती पोरीला दाराशी बसवून घ्यायची.

"घरात सगळे म्हणतात, वय झालं," ती म्हणाली. "मला अत्तींवर आळ घ्यायचा नाहीये हो. पण पोरगी त्यांच्याजवळ ठेवायची का नाही, एवढं तरी मला कळायला पाहिजे."

तेवढ्यात गिरिजाबाई आल्या. बांगड्या, जोडवी, डोरलं, सगळं उतरवलेलं. गळ्यात फक्त चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, लिंगायतांचा अंगावरचा देव. शिवानीनं तेही काढायला सांगितलं. गिरिजाबाईंनी डबी मुठीत धरली.

"हे काडत नसतेत, बाई. लहानपणी बांदलंय. जीव गेला तरी उतरत न्हाय, मातीत बी संगं जातंय."

शिवानी नवी होती. तिनं दारावरचा नियम वाचून दाखवला. गिरिजाबाईंनी पुन्हा मान हलवली. सोमशेखर दुकान उघडायच्या घाईत होता. "अव्वा नको म्हणतीय तर ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. "वय झालंय तिचं, पाय ओढणारच." श्रीदेवीनं तोंड उघडलं. पण गॅसची गोष्ट सासूच्या देखत, चारचौघांत कशी काढायची? तिनं तोंड मिटलं. कागदावर 'रुग्णाची तयारी नाही' असं लिहिलं गेलं आणि पुढचं नाव पुकारलं.

आठ महिन्यांनी गिरिजाबाई स्ट्रेचरवरून आल्या. सकाळी लिंगपूजेला बसल्या होत्या. इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतात. तो तळहातच कलंडला, लिंग मांडीवर घरंगळलं. उचलायला गेल्या, तर हात हलेना. तोंडातून शब्द नीट फुटेना. त्या अवस्थेतही लिंग पुन्हा डबीत घालून त्यांच्या गळ्यात बांधलेलं होतं.

या वेळी डॉक्टर चन्नवीर स्वतः दारात होते. त्यांनी वाकून विचारलं, "अव्वा, डबी चांदीची आहे. आतलं लिंग तर दगडाचं. ते कापडात बांधून गळ्यातच ठेवू, चालेल?" मग शर्टाच्या आतलं स्वतःचं लिंग दाखवलं. ते पांढऱ्या कापडातच होतं. गिरिजाबाईंनी डोळे मिटून होकार दिला. शिवानीनं लिंगाजवळ छोटा तपासणीचा चुंबक धरून पाहिला, ते हललं नाही. कापड बांधायला दोन मिनिटं लागली.

श्रीदेवी बघत राहिली. "एवढंच होतं?" ती म्हणाली.

शिवानी माझ्याकडे तोंड करून उभी होती, म्हणून तिचा चेहरा फक्त मला दिसला.

मी चित्रं काढली. मेंदूच्या उजव्या बाजूला आजचा झटका होता. आणि आजूबाजूला, दोन्ही अंगांनी, पाटीवर खडूचे शिंतोडे उडावेत तसे जुने पांढरे ठिपके. डॉक्टरांनी ते श्रीदेवीला दाखवले. हे काही वर्षांचं आहे, म्हणाले. पाय ओढणं, विसरणं, सगळं यातूनच. आधी दिसलं असतं, तर रोजच्या गोळीसाठी आम्ही हात धुऊन मागं लागलो असतो. झटका टळलाच असता, असं मात्र खात्रीनं सांगता येत नाही.

"म्हणजे मी घाबरत होते ते खरं होतं."

"खरं होतं."

"त्या रोज विचारायच्या, पोरीला माझ्याकडं का देत न्हाईस गं. वाईट वाटून त्यांनी मागणंच सोडलं." तिनं पदराचं टोक घट्ट पिळलं. "आजार हाय, एवढं माहीत असतं, तर मी पोरीला घेऊन त्यांच्याजवळच बसले असते की."

सहा महिन्यांनी गिरिजाबाईंना दुसरा झटका आला. त्या वेळी त्या माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत, त्याआधीच गेल्या.

आता माझं हेलियम सोडून दिलंय. माझ्या जागी नवा चुंबक येणार, म्हणून तीच भिंत पुन्हा फोडतायत. शिवानी मात्र अजून आहे. ती आता नियम वाचून दाखवत नाही. आधी विचारते, "काढायला जड जाईल असं अंगावर काही आहे का? सांगा, आपण वाट काढू."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी पाय ओढत चालत असेल, तेच तेच विचारत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रागावूही नका. त्यांची रोजची गोळी तुम्ही हातावर ठेवा. डॉक्टरांना सगळं सांगा, सांगायची लाज वाटेल तेही. डॉक्टरांच्या अभ्यासात मी काढलेली हजारो चित्रं आहेत. पण जो माणूस दारातून परत जातो, त्याचं चित्र माझ्याकडे नसतं. गिरिजाबाईंच्या नावापुढची पहिल्या वर्षाची जागा अजून कोरीच आहे.